ताठ बसा, आडवे व्हा

गडचिरोली जिल्ह्यात तापाला आधी आपण मलेरिया नाही हे सिद्ध करावं लागतं. तो कितीही कळवळून सांगू दे की मी साधा आहे, पावसात भिजल्याचा आहे, दोन दिवसांत निघून जाईन. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब किटवर पडल्याशिवाय आशाताई त्याचं काही ऐकून घेत नाहीत. वैनगंगेच्या अलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यात, आम्ही स्वतःला थोडे शहरी समजतो. आमच्याकडे ताप आला की आधी ‘ऊन लागलं असेल’ म्हणतात आणि मलेरिया त्यानंतर. मग महिना कोणताही असो. ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात ४६-४७ वर जातो आणि आमच्या गावाचं नाव राज्याच्या बातम्यांत येण्याचा तेवढाच एक प्रसंग असतो, त्यामुळे ते ऊन आम्ही दिवाळीपर्यंत पुरवून वापरतो.

डोकेदुखीचं मात्र तसं नाही. माझ्या डोक्यात अर्धशिशीची जुनी वहिवाट आहे. डाव्या भुवईपासून कानामागेपर्यंतचा सातबारा तिच्या नावावर आहे आणि फेरफार करायला आजवर एकाही डॉक्टरला जमलेलं नाही. बाकीच्या डोकेदुख्या येतात, सर्दीची, चष्म्याचा नंबर बदलल्याची, शाळेतली माहिती तिसऱ्यांदा ऑनलाइन भरायला लागल्याची. पण त्या उजवीकडे कुठेतरी अंग चोरून बसतात आणि निमूट जातात.

म्हणून यंदा दिवाळीच्या तोंडावर थंडी वाजून ताप आला, मलेरियाची पट्टी कोरी निघाली, आणि ब्रह्मपुरीतल्या डॉक्टरांनी विचारलं, ‘‘डोकं दुखतं का?’’ तेव्हा मी प्रामाणिकपणे विचारलं, ‘‘कोणतं?’’

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ज्यांना अर्धशिशी नाही त्यांना हा प्रश्न वेडेपणाचा वाटतो. ज्यांना आहे त्यांना ठाऊक असतं की आपली ती वेगळी आणि ही वेगळी. आपली ती येण्याआधी जांभया देते, नजरेच्या कडेला चमचमती नागमोडी रेघ काढते, मळमळ पुढे पाठवते आणि मग बसते ठोके द्यायला. ही नवी मात्र डोळ्यांच्या मागे, दोन्ही बाजूंना, विनापरवाना घुसली होती. आणि तिच्या येण्याने चवताळून माझी जुनीही उठली होती.

डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला, ‘‘धानात गेला होतात का?’’

गेले होते. सासर नदीपलीकडे, वडशाजवळ. बांधीत हलक्या धानाची कापणी चालू होती. मी काही विळा हातात घेतला नव्हता. मास्तरीण सून बांधीत उतरली तर कापणी थांबते आणि तिला बघायला बाया उभ्या राहतात, म्हणून मला सन्मानाने धुऱ्यावरच्या गवतात बसवलं होतं. नेमका तिथेच माझा मान राखला गेला. धुऱ्यावरच्या गवतात एक किडा असतो, डोळ्यांनाही न दिसणारा, त्याचं पिल्लू माणसाला चावतं आणि स्क्रब टायफस नावाचा ताप देऊन जातं. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात त्याची साथ आली तेव्हा हे नाव आमच्याकडच्या पेपरात पहिल्यांदा मोठ्या टायपात छापून आलं. जंतूचं नाव अर्धं जपानी आहे, ओरिएंशिया त्सुत्सुगामुशी. ते डॉक्टरांनी एका दमात उच्चारलं. माझा त्यांच्यावर विश्वास बसला तो त्या क्षणी.

पण चाव्याची खूण सापडली तर निदानाला बळ मिळतं. विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली. आणि ती कुठे असते, तर जिथे कपडा घट्ट बसतो तिथे. काख, कंबर, जांघ. नर्सबाई पडद्यामागे घेऊन गेल्या. परकराच्या नाडीखाली, कमरेच्या मागच्या बाजूला, जिथे मला आरसा असूनही कधी दिसलं नसतं, तिथे ती सापडली. नर्सबाईंच्या तोंडून जो हर्षोद्गार निघाला तो बाहेर बाकांवर बसलेल्या पेशंटांनीही ऐकला असणार, कारण मी बाहेर आले तेव्हा सगळे माझ्याकडे आदराने बघत होते.

औषध सोपं होतं. डॉक्सीसायक्लीन, १०० मिलिग्रॅम, सकाळी एक आणि रात्री एक, आठवडाभर. मग डॉक्टरांनी पथ्यं सांगायला घेतली. गोळी रिकाम्या पोटी नको, पोटभर जेवून घ्या. मोठा पेलाभर पाणी प्या. गोळी घेतल्यावर निदान अर्धा तास ताठ बसा, आडवं व्हायचं नाही, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. दूध, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या, अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध यांच्याबरोबर नको, ते तिला धरून ठेवतात. उन्हात फिरू नका, या गोळीने कातडी भाजते.

मी ऐकत होते आणि माझ्या डाव्या भुवईवरची बाई हसत होती. कारण तिचीही पथ्यं आहेत, आणि ती डॉक्सीच्या खूप आधीची आहेत. काही खायचं नाही. पाण्याचा घोटही बेताने. अंधार करायचा. आवाज बंद. आणि ताबडतोब आडवं पडायचं.

एकाच बाईने अर्धा तास ताठ बसायचं आणि त्याच अर्ध्या तासात आडवंही पडायचं, याला आरोग्यशास्त्रात काय म्हणतात मला माहीत नाही. संसारात हे नेहमीचं आहे.

मी पर्समधली माझी जुनी गोळी दाखवली, अर्गोटामाइनची. डॉक्टरांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, ‘‘हा आठवडा ही बंद.’’ का, तर ही गोळी रक्तवाहिन्या आवळते. एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकांबरोबर घेतली तर शरीराला ती मोडून टाकता येत नाही, रक्तात साचत जाते, हातापायांची बोटं गार पडतात, निळी पडतात. डॉक्सीचं तिच्याशी वैर तितकं जुनं नाही. पण डॉक्सी मानवली नाही तर ॲझिथ्रोमायसिन द्यावं लागेल, आणि ते त्या वैऱ्यांच्याच घराण्यातलं. ‘‘पॅरासिटॅमॉल घ्या,’’ डॉक्टर म्हणाले. अर्धशिशीवाल्याला पॅरासिटॅमॉल घ्या म्हणणं म्हणजे काय ते अर्धशिशीवालाच जाणे. मी मान डोलावली. मान डोलावल्यानेही दुखलं.

घरी आल्यावर वाचलं तेव्हा कळलं की ही अर्गोटामाइनबाई मूळची एका बुरशीत राहणारी. मध्ययुगात युरोपात राय नावाच्या धान्यावर ती बुरशी पडायची, गरीब माणसं त्याची भाकरी खायची आणि हातपाय काळे पडून झडायचे. त्या आजाराला तिकडे संत अँथनीची आग म्हणत. १९१८ मध्ये आर्थर स्टोल नावाच्या स्विस रसायनशास्त्रज्ञाने त्या बुरशीतून हे औषध वेगळं काढलं आणि पुढे ते माझ्या पर्समध्ये, लिपस्टिकच्या शेजारी येऊन बसलं. आणि डॉक्सी? तिच्या घराण्याचं मूळ पुरुष म्हणजे ऑरिओमायसिन, तेही मातीतल्या जंतूने तयार केलेलं, १९४८ चं. बेंजामिन डगर यांनी ते अमेरिकेत शोधलं. त्या प्रयोगशाळेतल्या संशोधनाचे प्रमुख होते येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. आमची वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते, सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते आणि सुब्बारावांच्या मुलखातूनच समुद्राला जाते. म्हणजे मी नदीच्या वरच्या अंगाला आजारी पडले आणि औषधाचा माणूस खालच्या अंगाला जन्मला होता. हा विचार मला तापात फार मोठा वाटला. मी तो यांना सांगितला. हे वनविभागात आहेत. हे म्हणाले, ‘‘पाणी पी.’’

दिवाळीची सुट्टी लागली होती म्हणून औषधांसकट सासरी गेलो. पहिली कसोटी तिथे पहिल्याच रात्री लागली. जेवले, गोळी घेतली, पाणी प्यायले, भिंतीला टेकून ताठ बसले. दहा मिनिटांत डाव्या बाजूने नागमोडी रेघ निघाली. अर्धशिशीच्या झटक्यात जठराचं काम मंदावतं, गिळलेलं तिथेच पडून राहतं. ही माहिती पुस्तकात वाचायला बरी वाटते, पण आपल्या पोटात आपली गोळी तशीच बसून आहे हे जाणवत असताना अजिबात बरी वाटत नाही. पंचवीस मिनिटं मी धीर धरला. मग सगळं बाहेर आलं.

आता प्रश्न असा की गोळी बाहेर आली की आत राहिली? बाहेर आली असेल तर पुन्हा घ्यायची, आत राहिली असेल तर दुप्पट होते. हा प्रश्न सोडवायला घरात नेमका वनविभागाचा माणूस होता. यांनी मोबाईलचा टॉर्च लावला, काडी आणली आणि अंगणात पंचनाम्याला बसले. झटका ऐन भरात असताना समोर टॉर्च फिरणं आणि त्याच्या मागून ‘‘इथे काहीतरी पिवळं दिसतंय, ते भोपळ्याचं आहे का?’’ असा सवाल येणं, यापेक्षा मला वाघ चालला असता. पंचनाम्याचा निष्कर्ष असा निघाला की मुद्देमाल सापडला नाही. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ‘‘आत्ता राहू द्या, उद्या सकाळची वेळेवर घ्या,’’ आणि मळमळीची एक गोळी सांगितली, ती जेवणाच्या आधी अर्धा तास घ्यायची. म्हणजे आता मला आधीचा अर्धा तास आणि नंतरचा अर्धा तास असे दोन अर्धे तास सांभाळायचे होते. आणखी एक ताकीदही दिली. या औषधाने क्वचित कवटीतला दाब वाढून वेगळीच डोकेदुखी होते. नजर धूसर झाली, एकाचे दोन दिसायला लागले तर लगेच या.

मी हिशेब केला. जुनी डोकेदुखी, तापाची डोकेदुखी, औषधाची संभाव्य डोकेदुखी. डोकं एक.

चौथी डोकेदुखी सल्ल्यांची. सासूबाई म्हणाल्या, ‘‘तुह्या डोस्क्यात गरमी चढली. सकारी सूर्य निंगाच्या आंधी जिलबी-दूध खाय. मंग कोनतीच गोरी नाई लागत.’’ हा उपाय त्यांना कुठल्याही ग्रंथातून मिळालेला नाही, पण आयुर्वेदात सूर्याबरोबर चढणाऱ्या आणि सूर्याबरोबर उतरणाऱ्या डोकेदुखीला सूर्यावर्त म्हणतात, आणि सूर्याच्या आधी उठून तिला गोड खाऊ घालून गप्प करायचं ही तिच्यावरची घरगुती लाच आहे. मी म्हटलं, ‘‘आई, या औषधावर दूध चालत नाही.’’ सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की ज्या औषधावर दूध चालत नाही ते औषध चांगल्या घरातलं नसणार. शेवटी पुन्हा डॉक्टरांना फोन. ते म्हणाले, गोळी आठ वाजता आणि दूध पाचला असेल तर हरकत नाही, दोन-तीन तासांचं अंतर पुरे. सासूबाईंनी फोनवरचं एवढंच ऐकलं की हरकत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला आदल्या दिवशीच्या बाजारातली जिलबी आणि तांब्याभर दूध माझ्या उशाशी होतं आणि गल्लीत बातमी होती की डॉक्टरनंबी जिलबीच सांगतली.

डोकं काही थांबलं नाही. जिलबी मात्र चांगली होती.

खबर घ्यायला शाळेतले एक सर मोटरसायकलवरून नदी ओलांडून आले. त्यांनी गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन त्यावरची उभी लाल रेघ मला दाखवली. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये असं सांगणारी ती रेघ. २०१६ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने तिच्यासाठी मोठी मोहीमही काढली होती. सर म्हणाले, ‘‘लाल रेघ आहे म्हणजे एकदम स्ट्राँग माल आहे मॅडम. ताप उतरला ना? मग बंद करा. मी तर तिसऱ्या दिवशी बंद करतो, उरलेल्या पुढच्या वेळेला कामी येतात.’’ १९४५ साली नोबेलच्या भाषणात पेनिसिलिनच्या अलेक्झांडर फ्लेमिंगनी घसा दुखणारा एक काल्पनिक गृहस्थ उभा केला होता. तो मनाने थोडंसंच औषध घेतो, जंतू मरत नाहीत, उलट शहाणे होतात आणि घरातल्या दुसऱ्याला ग्रासतात. फ्लेमिंगना तो कल्पनेने रचावा लागला. आमच्या स्टाफरूममध्ये तो हजेरीपटावर आहे.

याच जिल्ह्यात उलटं उदाहरणही आहे, म्हणून सरांचा मला जास्त राग येतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ पासून गडचिरोलीत आहेत. लहान मुलं न्यूमोनियाने जात होती आणि दवाखाना लांब होता, तेव्हा त्यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या कार्यकर्त्यांना आणि दायांना न्यूमोनिया ओळखून प्रतिजैविक द्यायला शिकवलं. मुलाचे श्वास मोजायचे. ज्यांना मोजता येत नाही त्यांच्यासाठी एका मिनिटाची वाळूची घडी आणि मणी सरकवायचं साधन केलं. कोट्रायमॉक्झाझोल त्या बायकांच्या हाती दिलं आणि मुलांचे मृत्यू कमी झाले. १९९० मध्ये लॅन्सेटमध्ये ते छापून आलं. अक्षरओळख नसलेल्या बाईने मणी मोजून औषध अचूक दिलं, आणि बी.एस्सी. बी.एड. झालेले आमचे सर पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजून खूश होतात. मी हे त्यांना सांगायला गेले, पण त्यासाठी आवाज चढवावा लागत होता आणि माझी बाई झोपलेली होती. तिला उठवण्याइतके सर महत्त्वाचे नव्हते.

एवढ्यात गावात मंडई आली. झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते आणि मंडईच्या रात्री नाटक असतं. होळीपर्यंत हा मोसम. कंपन्या वडशाच्या, नट-नट्या इकडच्या आणि थोड्या नागपूर-मुंबईच्या, नाटक रात्री दहाला म्हणून जाहीर होणार आणि पहाटेपर्यंत चालणार. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा सगळ्या झाडीपट्टीला मिळाल्यासारखं झालं. मंडईला प्रत्येक घरी पाहुणे. आमच्या घरात किती होते ते चपलांवरूनही मोजता येत नव्हतं. शामियाना आमच्या घरामागच्या रिकाम्या बांधीत. भोंग्याचं एक तोंड स्टेजकडे आणि एक माझ्या खिडकीकडे.

रात्री जेवण झालं, गोळी घेतली. आता अर्धा तास ताठ बसायचं. पण बसायचं कुठे? घरातला प्रत्येक कोपरा पाहुण्यांनी आडवा भरला होता. ज्यांना झोपायचं नव्हतं ते नाटकाच्या आधी घटकाभर पडून घेत होते. सासूबाई म्हणाल्या, ‘‘चाल ना मंग नाटकाले. तिथं बसाचाच आहे.’’ यात तर्काची चूक काढता येईना. गावात त्या रात्री ताठ बसायची अधिकृत जागा एकच होती.

मी कानांत कापसाचे बोळे घातले, डोक्याला यांचा दुपट्टा घट्ट गुंडाळला, दिव्यांचा त्रास नको म्हणून काळा गॉगल लावला आणि मान अजिबात न हलवता, सावकाश, सासूबाईंचा हात धरून शामियान्यात गेले. रात्री दहाला काळा गॉगल लावून, मान न वळवता चालणारी बाई आमच्या गावाने एकाच पेशात पाहिलेली आहे. पोरं उठून उभी राहिली. ‘‘हिरॉईन आली, हिरॉईन आली.’’ दोघीतिघींनी सेल्फी घेतले. मी हसले नाही, हसलं की डावीकडे दुखतं, त्यामुळे ती मुंबईचीच असणार यावर शिक्कामोर्तब झालं.

कंपनीच्या मॅनेजरला खरं कळलं, पण मंडळाच्या अध्यक्षांनाही ते त्याच वेळी कळलं. ‘‘अरे, ह्या तर आपल्या गावच्या सूनबाई, ब्रह्मपुरीच्या मॅडम!’’ झाडीपट्टीत नाटकाच्या आधी उद्घाटन असतं आणि उद्घाटनाला स्टेजवर जितक्या खुर्च्या मावतील तितके प्रमुख पाहुणे असतात. एक खुर्ची रिकामी होती. मला वर नेण्यात आलं. ती खुर्ची लाकडी होती, सरळ पाठीची, आणि डोक्यावर दोन हॅलोजन होते. डॉक्टरांनी माझ्यासाठी मुद्दाम मागवली असती तरी इतकी ताठ खुर्ची मिळाली नसती.

शाल दिली, ती बरी वाटली, थंडी वाजतच होती. नारळ दिला, तो मांडीवर धरला. समोरून सासूबाई हातवारे करून विचारत होत्या, डोस्का दुखते का? मी मान हलवू शकत नव्हते. मग भाषणं सुरू झाली. माजी सरपंच बोलले, आजी सरपंच बोलले, पंचायत समितीचे एक बोलले, ज्यांना बोलायचं नव्हतं त्यांनी आभार मानले. हे खाली पहिल्या रांगेत मोबाईलवर वेळ लावून बसले होते. अर्धा तास झाल्यावर त्यांनी अंगठा वर केला. पाऊण तासाने पुन्हा केला. गोळी केव्हाच खाली उतरली होती, आणि अध्यक्षांचं भाषण अजून व्हायचं होतं.